छातीच्या उंचीवर

चौथ्या तुकड्यातली झाडं तोडणार ही बातमी आली, त्या दिवशी म्हातारा सात वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवला. दोनदा वाढून घेतलं, ताट पुसून खाल्लं आणि हात धुऊन ओट्यावर येऊन बसला.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"सोमवारपासून," सून म्हणाली. "यांच्याच टोळीला काम मिळालंय."

"आणि तो?"

तो म्हणजे कोण, हे त्या घरात विचारावं लागत नसे. "तो तर असणारच. गुरुवारी संचालकबाई येणार आहेत. त्याचं पुस्तक पुन्हा छापतायत म्हणे. दोन महिन्यांनी निवृत्त होतोय."

"म्हणजे सुटतोय," म्हातारा म्हणाला, आणि डोळ्यांना काही दिसत नसताना बरोबर रानाच्या दिशेनं तोंड करून बसला.

रान म्हणजे संशोधन केंद्राचं रान. सगळा साग, आणि तो चौकोनी तुकड्यांत वाटलेला. एका तुकड्यातलं एकही झाड काढायचं नाही, काही तुकड्यांत एकाआड एक काढायचं, काहींत नुसती वेल छाटायची, असे प्रयोग. प्रत्येक झाडाला नंबराचा पत्रा ठोकलेला, आणि माणसाच्या छातीच्या उंचीवर पांढऱ्या रंगाचा पट्टा. वर्षातून एकदा त्या पट्ट्यावर टेप गुंडाळून घेर मोजायचा. कोणतं झाड ठेवावं, कितव्या वर्षी तोडलं तर लाकूड जास्त पडतं, कधी तोडलं तर तोटा, हे सगळं त्या घेरांवरून ठरायचं. म्हाताऱ्यानं एकतीस वर्षं ही मोजणी केली. सुटलेली साल हातानं झाडायची, मुंग्या फुंकायच्या, टेप तिरकी जाऊ द्यायची नाही, आकडा दोनदा वाचायचा आणि एकदाच बोलायचा. सून लग्न होऊन आली ती रंगाचा डबा घेऊन त्याच्या मागंच उभी राहिली.

मग ते वर्ष आलं. पाऊस झालाच नाही. केंद्राचा साहेब परदेशात भाषण द्यायला गेला होता, त्यामुळं थंडीत व्हायची मोजणी भर उन्हाळ्यात झाली. पानं गळालेली, साल कोरडीठाक. म्हाताऱ्यानं दोनशे बारा नंबरला टेप लावली. पुन्हा लावली. घेर गेल्या वर्षीपेक्षा तीन मिलिमीटर कमी. पुढचं झाड तेवढंच. त्याच्या पुढचं पुन्हा कमी. म्हाताऱ्यानं जे दिसलं ते सांगितलं आणि कारकुनानं ते लिहिलं.

साहेबाच्या पुस्तकात चौथा तुकडा हा मानाचा तुकडा होता. एकाआड एक झाड काढलं की उरलेली कशी फोफावतात, हे त्यानं तिथं सिद्ध केलं होतं. वही बघून त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानं सगळ्यांना चौथ्या तुकड्यात बोलावलं आणि म्हाताऱ्याला झाडाशेजारी उभं केलं.

"उपासानं माणूस बारीक होतो रे," साहेब म्हणाला. "झाड कसं बारीक होतं? घरी बसून आकडे लिहिलेस, आणि वर मलाच शिकवतोस?"

लोक हसले. म्हाताऱ्याकडून कागदावर सही घेतली, की मी मोजलंच नाही. तिथल्या तिथं त्याच्या हातातली टेप काढून घेतली. आकडे लाल शाईनं खोडून साहेबानं वर नवे घातले. एकतीस वर्षं टेप वाचणाऱ्या त्याच्या डोळ्यांनी पुढच्या दोन वर्षांत साथ सोडली, आणि वस्तीत पोरंसोरंही त्याला आकडेबुवा म्हणू लागली.

सून तिथंच रंगाचं काम करत राहिली, कारण चूल पेटायला हवी होती. पण तिनं डूख धरला. दोन वर्षांपूर्वी वादळात एक साग पडला, तेव्हा बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांना त्याचा कापलेला बुंधा दाखवताना कारकून सांगत होता की दर वर्षी झाडाला एक वलय येतं, चांगल्या पावसाचं रुंद, वाईटाचं अरुंद. विद्यार्थी पुढं गेल्यावर ती खाली बसली आणि सालीकडून आत मोजत गेली. एका ठिकाणी दोन रेघा इतक्या जवळ होत्या की मधे नखसुद्धा जात नव्हतं. तिनं वर्षं मोजली. तेच वर्ष होतं. त्या दिवसापासून चौथ्या तुकड्यावर कुऱ्हाड कधी पडते याची ती वाट बघत होती.

"तुम्ही मला तीन झाडांच्या चकत्या कापून द्यायच्या," रविवारी ती नवऱ्याला म्हणाली. तो करवतीला कानस लावत बसला होता. "पांढऱ्या पट्ट्यावरच्या."

"वेड लागलंय का तुला? खालचा आठ फुटी ओंडका म्हणजे झाडाची सगळी किंमत. पट्टा त्याच्या बरोबर मधे येतो. तिथं कापलं की राहिलं काय? जळण!" तो कानस ठेवून म्हणाला. "ठेकेदार मला उलटा टांगेल. बुंध्याचा खुंट राहतोच की जमिनीत. मोज त्याच्यावर वलयं."

"बुंधा खाचखळग्यांचा असतो. तिथली वलयं वेडीवाकडी, असं म्हणून तो हात झटकेल. मोजणी छातीवर झालीय, तर पुरावा छातीवरचाच हवा."

"आणि माझं काम?"

"अहो, तुमच्या बापाचं काम गेलं तेव्हा तुम्ही काय बोललात?"

नवऱ्यानं कानस उचलली आणि एकच दात पुन्हा पुन्हा घासत राहिला.

सोमवारी तोड सुरू झाली. ठेकेदाराची दोन यंत्रं सकाळपासून केकाटत होती. झाड आधी नुसतं थरथरायचं, मग वरून सुक्या फांद्या मोडल्याचा आवाज यायचा आणि जमीन पायाखाली हलायची. बायका फांद्या छाटून ढीग लावत होत्या. भुशानं घाम चिकट झाला होता, मानेत खाज सुटत होती, आणि पाण्याचा पिंप दहा वाजेपर्यंतच कोमट व्हायचा. साहेब छत्री घेऊन उभा होता. एरवी तोडीच्या वेळी तो फिरकतही नसे. या वेळी प्रत्येक झाड पडलं की तो पुढं व्हायचा.

"डांबर लावा. बुंध्याला आणि ओंडक्याच्या दोन्ही टोकांना. लगेच."

"साहेब, डांबर गाडी भरताना लावतो आपण," ठेकेदार म्हणाला.

"कीड लागते. सांगितलं तेवढं करा."

डांबराचा डबा सुनेकडेच आला. ती ब्रश फिरवत होती आणि ओली वलयं काळी होत होती. साहेबाला भीती वाटतेय, हे तिला पहिल्याच ब्रशला कळलं. तिला फार बरं वाटलं.

बुधवारी ती म्हाताऱ्याला घेऊन आली. दुपारी साहेब आणि ठेकेदार विश्रामगृहात जेवायला जात, टोळी सावलीत आडवी होई, आणि दीड तास रान मोकळं असे. नवऱ्याची दोघांनी ओढायची लांब करवत तिनं सकाळीच फांद्यांच्या ढिगात सरकवून ठेवली होती. यंत्राचा आवाज विश्रामगृहापर्यंत गेला असता.

"दोनशे बारा कुठंय?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"सकाळीच पाडलंय. हे बघा, इथं."

त्यानं आडव्या पडलेल्या झाडावर हात फिरवला, पत्रा सापडला, तिथून वीतभर सरकून रंगाचा खरखरीत पट्टा. त्याचा हात तिथं थांबला. "घे," तो म्हणाला आणि करवतीची एक मूठ त्यानं स्वतः धरली.

"तुम्ही नको मामंजी. मी एकटी ओढते."

"एकटीनं ही करवत वाकते. ओढ."

दोघं समोरासमोर गुडघ्यांवर बसली. करवत ओल्या सागात शिरली आणि तेलकट वास आला. म्हाताऱ्याच्या हाताची हाडं दिसत होती, पण त्याची ओढ सरळ होती, पट्ट्याच्या बाहेर केसभरही जात नव्हती. पहिला काप खाली पोचेपर्यंत तिच्या खांद्यात गोळे आले.

"तू हसली होतीस," म्हातारा मधेच म्हणाला.

तिचा हात थांबला.

"त्या दिवशी. सतरा जण होते, चौदा हसले. चौदावी तू. उशिरा हसलीस, बाकीचे हसतायत हे बघून."

"मामंजी, मला भीती वाटली. माझं पण काम जाईल म्हणून."

"ते ठाऊक आहे मला. मी राग धरून नाही बोलत. मोजलं होतं, म्हणून सांगितलं. ओढ, थांबू नकोस."

तिनं करवत ओढली. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. सात वर्षं हा माणूस तिच्या हातचं जेवत होता आणि हे पोटात घेऊन बसला होता. लाज वाटली, आणि त्या लाजेचाही राग तिनं साहेबाच्याच नावावर टाकला.

पहिली चकती निघाली तेव्हा म्हातारा धापा टाकत मागं टेकला. तेवढ्यात कोणीतरी त्याच्या हातातून मूठ काढून घेतली. नवरा होता. सावलीतून उठून आला होता, केसांत पाचोळा तसाच.

"व्हा बाजूला बाबा," तो एवढंच म्हणाला. मग दुसऱ्या झाडाशी जाऊन बसला आणि बायकोवर खेकसला, "बघतेस काय? वेळ आहे का आपल्याकडे?"

उरलेल्या दोन चकत्या त्यांनी अर्ध्या तासात काढल्या.

घरी नवऱ्यानं त्यांच्यावर रंधा मारला. म्हाताऱ्यानं पहिली चकती मांडीवर घेतली आणि सालीपासून नखानं आत सरकत मोजू लागला. एक, दोन, तीन. आठव्याला नख अडकलं. तो तिथंच नख दाबून बसला, बराच वेळ.

गुरुवारी सकाळी बोंब झाली. तीन ओंडके वाया गेलेले बघून ठेकेदारानं डोक्याला हात लावला आणि मग नवऱ्याची गचांडी धरली. नवरा म्हणाला, मीच कापले. ठेकेदारानं त्याला तिथंच टोळीतून काढलं, आठवड्याची मजुरी कापून घेतली, आणि पुन्हा या बाजूला दिसलास तर तंगडं मोडीन म्हणाला.

साहेब धावत आला. त्यानं ओंडक्यांकडं बघितलं, कुठं कापलंय ते बघितलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. सून डोक्यावर पाटी घेऊन वाटेवर उभी होती. पाटीवर जुनं लुगडं टाकलेलं होतं.

"सरकारी लाकडाची चोरी आहे ही," साहेब जवळ येऊन हळूच म्हणाला. "पोलिसांत देईन. पण मला तसं करायचं नाहीये. ती पाटी इथं ठेव. तुझ्या नवऱ्याला कामावर परत घ्यायला लावतो. तुला मोजणीदार करतो. कायमची. आजच कागद करतो."

कायमची नोकरी. तिनं क्षणभर विचार केला, नाही असं नाही. घरी नवरा आजपासून रिकामा होता.

"आज नाही साहेब," ती म्हणाली. "सात वर्षांपूर्वी दिली असतीत तर घेतली असती."

संचालकबाईंची गाडी आली तेव्हा तिनं पाटी त्यांच्याच पायांशी उतरवली. बाई पन्नाशीच्या, पायात बूट, गळ्यात भिंगाची दोरी. साहेब काहीतरी समजावू लागला, पण त्यांचं लक्ष चकत्यांकडं गेलं होतं.

"छातीच्या उंचीवर कोणी कापल्या?"

"आम्ही," सून म्हणाली. "सालीकडून आठवं वलय बघा बाई. आणि मग पुस्तकात दोनशे बारा नंबर बघा."

बाई खाली मांडी घालून बसल्या. भिंग डोळ्याला लावलं, सुईनं एकेक वलय मोजलं. तिन्ही चकत्या झाल्या. मग त्यांनी साहेबाच्या हातातलं त्याचंच पुस्तक मागून घेतलं आणि पानं उलटली.

"इथं लिहिलंय, त्या वर्षी घेर साडेतीन सेंटीमीटर वाढला," त्या म्हणाल्या. "तेवढी वाढ झाली असती तर वलय अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा रुंद हवं. इथं तर केसाएवढं आहे. तिन्हीत. हा आकडा आला कुठून?"

साहेबानं घसा खाकरला. "मोजणीदार कामचुकार होता. मोजत नसे. म्हणूनच तर त्याला काढला. त्याची लेखी कबुली आहे माझ्याकडं."

म्हातारा सुनेबरोबरच आला होता, आता तिचा खांदा धरून मागं उभा होता. तो मोठ्यानं बोलला नाही. "माझा आकडा वजा तीन मिलिमीटर होता बाई. वहीत लाल रेघेखाली असेल. लाल शाई साहेबांची."

"वही आणा," बाई म्हणाल्या.

कारकून सात वर्षं मूग गिळून बसला होता. तो केंद्राकडं निघाला तो जवळजवळ पळतच. वही आणली ती पान उघडूनच आणली. बाईंनी लाल रेघेखालचा आकडा वाचला, पुढचा वाचला, पान संपेपर्यंत बोट खाली नेत राहिल्या.

"मोजणी कोणत्या महिन्यात झाली?"

"उन्हाळ्यात," कारकून म्हणाला. "साहेब परदेशी होते."

"पाऊस नाही आणि वर उन्हाळा. साल वाळते, झाड आकसतं." बाईंनी वही मिटली. "पहिल्या वर्षाच्या मुलांना आपण हे शिकवतो. तुम्हीच शिकवता, नाही का?"

साहेबानं मागं ओंडक्याचा आधार घेतला, आणि टोकाचं ओलं डांबर त्याच्या पांढऱ्या बाहीला कोपरापर्यंत लागलं. तो ते पुसायला गेला, तर दुसरा हातही काळा झाला. सुनेनं सगळ्यांकडं बघितलं. आता हसा, असं तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं. तोंडं तीच होती. पण कोणी हसलं नाही. एकीनं तर पुढं होऊन साहेबाला फडकं दिलं.

म्हाताऱ्याला लेखी पत्र मिळालं, की त्याची मोजणी खरी होती. साहेबाचं पुस्तक थांबलं, चौकशी बसली. पण पत्राबरोबर आणखीही एक कागद आला. केंद्राच्या सगळ्याच वह्यांवर आता विश्वास ठेवता येत नाही, म्हणून सगळ्या तुकड्यांची मोजणी चौकशी संपेपर्यंत बंद. रंगाचं काम, वेल छाटायचं काम, सगळं बंद. बारा बायका घरी बसल्या. विहिरीवर सून गेली की घागरी उचलल्या जायच्या आणि वाट मोकळी व्हायची.

"झालं तुझं समाधान?" नवरा म्हणाला. तो रोज पहाटे उठून तीन कोसांवरच्या विटांच्या भट्टीवर जाऊ लागला होता.

"नाही अजून," ती म्हणाली.

साहेबाला चौकशीसाठी शहरात बोलावलं होतं. तो शनिवारी जाणार हे कळल्यावर ती सकाळीच विश्रामगृहाच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. ड्रायव्हर पेट्या चढवत होता. साहेब बाहेर आला. तिला बघून थांबला.

"आता काय हवंय?" त्यानं विचारलं. "तुला काय मिळालं यातून? स्वतःच्या पोटावर पाय दिलास. त्या बायकांच्याही."

"तुमचं तोंड बघायला आलेय," ती म्हणाली. "जाताना कसं दिसतं ते."

आणि तिनं नीट बघितलं. सात वर्षं ती या तोंडाची वाट बघत होती. पडलेलं, काळवंडलेलं, ओशाळलेलं, नाना प्रकारचं तोंड तिनं मनात रंगवलं होतं. पण समोर होता तो रात्रभर झोप न झालेला एक साठीचा माणूस. दाढी करताना हनुवटीखाली कापलं होतं, तिथं कापूस चिकटला होता. त्यानं एकदा रानाकडं बघितलं, चष्म्याचं घर खिशात आहे का ते चाचपलं आणि गाडीत बसला. काच वर करायच्या आधी ड्रायव्हरला म्हणाला, "पाण्याची बाटली भरून घेतलीस ना?" गाडी गेली. बस्स, एवढंच झालं. फाटकाशी ती किती तरी वेळ हात लोंबते सोडून उभी राहिली.

घरी आली तेव्हा म्हातारा ओट्यावर बसला होता. पत्र त्याच्या मांडीवर होतं. दिवसातून चारदा तो ते मुलाकडून नाहीतर तिच्याकडून वाचून घ्यायचा, आणि ऐकून झालं की नुसताच घडी घालायचा. त्या पत्रानं त्याचं पोट भरलेलं नाही, हे तिला दिसत होतं.

"गेला?" त्यानं विचारलं.

"गेला."

"तू होतीस?"

"समोरच होते. हात लांब केला असता तर गाडीला लागला असता."

म्हातारा सरकून तिच्याकडं वळला. पांढरे पडलेले डोळे त्यानं तिच्या तोंडावर धरले.

"सांग. काही वाढवू नकोस, काही कमी करू नकोस. कसं होतं तोंड?"

ती खाली बसली. पदरानं मान पुसली. कापूस चिकटलेली हनुवटी तिच्या डोळ्यांपुढं होती, आणि पाण्याची बाटली. म्हाताऱ्याचे ओठ जरासे उघडे होते.

"रडला का?" त्यानं विचारलं.

"रडला, मामंजी."

"खरंच?"

"खरंच. चष्मा काढला आणि तिथंच फाटकाला धरून उभा राहिला. पाय उचलेना. ड्रायव्हरनं दंडाला धरून बसवला त्याला."

"माझं नाव घेतलं?"

"घेतलं. म्हणाला, त्या माणसाचं मी वाटोळं केलं."

म्हातारा मान हलवत राहिला. त्याच्या छातीतून एक लांब श्वास बाहेर पडला. खांदे खाली आले.

"परत सांग," तो म्हणाला. "सावकाश. पेट्या चढवल्या तिथपासून."

तिनं परत सांगितलं. या वेळी साहेब थोडा जास्त रडला.